‘लागंल का?’

मराठीतील ‘लागणे’ या क्रियापदाचा संसार किती मोठा आहे, हे कोश उघडून पुरते कळत नाही. त्यासाठी बारामती तालुक्यातील सुपे परिसरात, चौफुल्याहून मोरगावकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला असलेल्या एखाद्या रोपवाटिकेत तासभर उभे राहावे लागते. या मुलखात बोअरला पाणी लागते किंवा लागत नाही, दुपारी ऊन लागते, दुभत्या म्हशीला नजर लागते, मुलीचे लग्न लागते, त्या लग्नाला पैसे लागतात आणि मातीत लावलेले रोप लागते, म्हणजे मूळ धरते, किंवा लागत नाही, म्हणजे महिन्याभरात त्याची काटकी होते. पाण्याचे लागणे आणि रोपाचे लागणे ही दोन्ही कामे भाषेने एकाच क्रियापदाकडे सोपवली यात मोठा व्यवहार आहे, कारण पहिले घडले नाही तर दुसरे घडत नाही. प्रस्तुत लेखाचा विषय असलेला सामाजिक नमुना, म्हणजे सुप्याच्या रोपवाटिकेतील ग्राहक, या क्रियापदाच्या भविष्यकाळी प्रश्नार्थक रूपाचा आयुष्यभर जप करीत असतो. रोप उचलण्यापूर्वी, उचलल्यावर, पैसे देताना आणि गाडीला किक मारताना तो एकच विचारतो : ‘लागंल का?’

या प्रश्नाचे मूळ त्याच्या स्वभावापेक्षा तालुक्याच्या नकाशात अधिक आहे. 1880 च्या दशकात खोदला गेलेला नीरा डावा कालवा तालुक्याच्या दक्षिण अंगाने जातो आणि त्याने बारामतीचे दोन भाग केले आहेत : कालव्याच्या पाण्यावर ऊस पिकवणारा बागायती भाग आणि आभाळाच्या पाण्यावर बाजरी-ज्वारी काढणारा जिरायती भाग. सुपे दुसऱ्या भागात येते. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत, म्हणजे डोंगराने पाऊस आधीच अडवून घेतल्यावर ढगांच्या रिकाम्या पखाली जिथून पुढे सरकतात अशा पट्ट्यात, हा भाग असल्याने वर्षाला साधारण पाचशे मिलिमीटर किंवा त्याहूनही कमी पावसावर भागवावे लागते. जनाई-शिरसाई उपसा सिंचन योजनेचे पाणी, म्हणजे पंपांनी उचलून चढावर आणलेले पाणी, या भागाला मिळते खरे. पण ते आवर्तनाने मिळते आणि आवर्तन म्हणजे पाणी सोडण्याची पाळी. ही पाळी कधी येणार याची चर्चा सुप्याच्या पारावर इतक्या गांभीर्याने चालते की परक्याला ती एखाद्या धूमकेतूविषयी चालली असावी असे वाटेल. अशा प्रदेशात वाढलेला माणूस रोपवाटिकेत येतो तेव्हा तो वरकरणी रोप मागतो, पण त्याला घ्यायची असते हमी, आणि ती काळ्या पिशवीत भरून विकता येत नाही, ही रोपवाटिकावाल्याची अडचण असते.

ग्राहकाचे आगमन बहुधा दुचाकीवरून, पत्नीसह आणि दुसऱ्याच कामावरून परतताना होते. मोरगावच्या मयूरेश्वराचे दर्शन झालेले असते, सुप्याच्या बाजारातली पिशवी हँडलला लटकत असते आणि ‘सहज बघायला आलो’ हे त्याचे पहिले वाक्य असते. त्यानंतर तो ज्या झाडाची मागणी करतो ते वनस्पतिशास्त्राला अद्याप सापडलेले नाही. त्याला सावली हवी असते, पण अंगणात पाला पडता कामा नये. झाड उंच जावे, पण विजेच्या तारेपाशी त्याने स्वतःहून थांबावे. मुळे खोल जावीत, पण भिंतीच्या दिशेने जाऊ नयेत. बारा महिने फूल असावे, पण मुंगळे नकोत. आणि या सर्वांवर कडी म्हणजे ते बिनपाण्याचे असावे. रोपवाटिकावाला सगळे शांतपणे ऐकून घेतो आणि असे झाड बारामतीच्या भेटवस्तूंच्या दुकानात प्लॅस्टिकचे मिळेल, हे मनातल्या मनात म्हणून कोनोकार्पसकडे बोट दाखवतो. गुजरात सरकारने 2023 मध्ये या झाडाच्या लागवडीला बंदी घातली, ही बातमी ग्राहकाने मोबाईलवर वाचलेली असते. ‘ह्ये तर बंदीचं झाड,’ असे म्हणून तो विजयी मुद्रेने पत्नीकडे पाहतो आणि पाचच मिनिटांनी त्याचा भाव विचारतो, कारण ते झपाट्याने वाढते आणि लागते.

या व्यवहारात तो रोपवाटिकावाल्याला ‘मामा’ म्हणतो. पुणे जिल्ह्यात अनोळखी पण कामाच्या माणसाला मामा म्हणण्याची रीत जुनी आहे. सुप्यात मात्र या संबोधनाला इतिहासाची किनार आहे. पुणे आणि सुपे हे परगणे शहाजीराजांच्या जहागिरीत होते आणि सुप्याचा कारभार शिवाजीराजांचे सावत्र मामा संभाजी मोहिते यांच्या हाती होता. सभासदाची बखर सांगते की महाराज शिमग्याचे पोस्त, म्हणजे सणाची बक्षिसी, मागण्याच्या निमित्ताने मामांच्या भेटीस गेले आणि त्यांनी मामांना कैद करून सुपे ताब्यात घेतले. ज्या गावात भाच्याने पोस्त मागितल्यावर मामाची गढी गेली, त्या गावात ‘मामा, एक तुळस टाका की वर’ ही मागणी ऐकताच विक्रेत्याने सावध होणे स्वाभाविक म्हटले पाहिजे. पन्नास रुपयांच्या जास्वंदीवर तुळस, तुळशीवर मोगऱ्याची काडी आणि काडीवर ओंजळभर शेणखत, अशा पायऱ्यांनी हा भाचा चढत जातो. ‘मामा बनवणे’ हा वाक्प्रचार सुप्यात जन्मला असे कोणी सिद्ध केलेले नाही. पण तो इथे जन्मला असता तर कोणाला नवल वाटले नसते.

घासाघीस ही या नमुन्याची कला आहे, परंतु तिच्यात रोपाच्या गुणांचे ज्ञान असतेच असे नाही. पेरूचे उदाहरण बोलके आहे. ‘सरदार’ किंवा ‘लखनौ-49’ या नावाने ओळखला जाणारा पेरू 1927 मध्ये डॉ. चीमा यांनी पुण्याच्या गणेशखिंड येथे निवड पद्धतीने, म्हणजे अनेक झाडांतून सरस झाड हेरून, तयार केला. सुप्यापासून दोन-अडीच तासांच्या अंतरावर जन्मलेली ही जात ‘लखनौची’ म्हणून ग्राहक प्रथम तिच्याकडे आदराने पाहतो. ती पुण्याची आहे हे कळल्यावर त्याचा आदर ओसरतो, आणि शेजारची पिशवी थायलंडची आहे असे सांगितल्याबरोबर तो पाकीट काढतो. वाटेवरच्या रोपवाटिकांनी हे मर्म पुरते ओळखले असल्याने तेथे थायलंडचा पेरू, थायलंडचा आंबा, थायलंडचे जांभूळ आणि क्वचित थायलंडची चिंचही मिळते. चिंचेच्या हंगामात सुप्याच्या बाजारात गावच्याच झाडांच्या चिंचेचे ढीग लागतात, तो भाग वेगळा. घरच्या चिंचेला पाहुणी म्हणून बोलावण्यात काय अर्थ, असा ग्राहकाचा युक्तिवाद असतो आणि तो अगदीच बिनतोड नसला तरी मानवी आहे.

मनी प्लांटच्या बाबतीत त्याचे अर्थशास्त्र आणखी सूक्ष्म होते. मूळ फ्रेंच पॉलिनेशियातील मोरेआ बेटावरची ही वेल घरात पैसा आणते, मात्र ती चोरून आणलेली असली तरच, असा समज शहरातून खेड्यात आणि खेड्यातून परत शहरात फिरत असतो. म्हणून हा ग्राहक मनी प्लांटचा भाव विचारतो, तो ऐकून जीभ चावतो, आणि निघताना फाटकाजवळच्या वेलीचा एक तुकडा पत्नीच्या पिशवीत कोथिंबिरीच्या जुडीखाली जातो. अनुभवी रोपवाटिकावाला फाटकाजवळची ती वेल मुद्दाम भरघोस वाढू देतो आणि नेमके तेव्हाच पाठमोरा होऊन नळी गुंडाळत बसतो. एका काडीच्या चोरीचे समाधान घेऊन गेलेला माणूस पुढल्या खेपेला कुंडी, माती आणि वेल चढवायची शेवाळाची काठी विकत घ्यायला येतो, हा त्याचा ठोकताळा आहे.

खरी परीक्षा विक्रीनंतर सुरू होते. चार फुटी केसर आंब्याचे कलम दोघांच्या मध्ये उभे धरून ग्राहक माळरानावरच्या वाऱ्यातून घरी पोहोचतो तोवर त्याची निम्मी पाने वाटेत गेलेली असतात. रोपवाटिकेत त्याला बजावलेले असते की मृग निघेपर्यंत थांबा, खड्डा आधी तापू द्या, संध्याकाळी लावा. परंतु घराची वास्तुशांत अक्षय्य तृतीयेला ठरलेली असते आणि पाहुण्यांना दारात झाड दिसले पाहिजे, म्हणून रोप वैशाखातल्या भर दुपारी जमिनीत जाते. पिशवी काढताना मुळांभोवतीच्या मातीचा गोळा, ज्याला या धंद्यात हुंडी म्हणतात, फुटू देऊ नका, हे वाक्य त्याने अर्धेच ऐकलेले असते. त्यामुळे हुंडी फुटू नये म्हणून तो पिशवी काढतच नाही. वर ‘जरा ताकद’ म्हणून युरियाची मूठ पडते. पाण्याविषयी त्याचे धोरण आवर्तनासारखेच असते : पंधरा दिवस काही नाही आणि सोळाव्या दिवशी आळ्यात बेडूक पोहतील इतके. बागायती भागात सोयरिक असलेल्या घरात ही प्रवृत्ती अधिक दिसते. उसाला पाणी देणारा हात आंब्याला घोटभर देऊन थांबेल, ही अपेक्षा धाडसाची आहे.

रोप जळते. मराठीत रोप मरत नाही, जळते, आणि या शब्दाने दोष आपोआप उन्हाकडे, मातीकडे किंवा विकणाऱ्याकडे जातो. लावणाऱ्याकडे तो वळायला जागाच राहत नाही. महिन्याभराने ग्राहक ती काटकी वर्तमानपत्रात गुंडाळून परत आणतो आणि मग रोपवाटिकेच्या छपराखाली जो प्रसंग घडतो त्याला पंचनामा हाच शब्द शोभतो.

‘मामा, लागलं न्हाई बघा.’

‘कसं लागंल दादा? पिशवी अंगावर तशीच हाय की.’

‘तुम्हीच म्हणला हुता, हुंडी फुटू द्यू नका.’

यावर रोपवाटिकावाला पिशवीच्या तळाशी गोल गोल वळून गुदमरलेली मुळे दाखवतो. ग्राहक ती पाहतो, मान हलवतो आणि माती खराब होती असा निष्कर्ष काढतो. पंचनाम्याचा याहून गुंतागुंतीचा प्रकार कलमाच्या बाबतीत उद्भवतो. कलम म्हणजे एका झाडाच्या मुळावर दुसऱ्या झाडाची काडी बांधून केलेला संसार. खालच्या मुळाला खुंट म्हणतात आणि आंब्यात तो साध्या रायवळ कोयीचा असतो. वरची केसरची काडी वाळून गेली तरी खालचा खुंट कणखरपणे फुटतो. त्या लसलशीत फुटव्याला केसर समजून हा गृहस्थ पाच-सहा वर्षे पाणी घालतो, त्याभोवती काट्यांचे कुंपण करतो, पाहुण्यांना दाखवतो, आणि पहिल्या बहराला गोटीएवढा, धागेदार आणि आंबट आंबा हाती आला की थेट रोपवाटिका गाठतो. खुंटाचे फुटवे वेळच्या वेळी खुडायचे असतात, हे त्याला आता सांगण्यात काही हशील नसते. फळरोपवाटिकांच्या नियमनाचा कायदा महाराष्ट्रात 1969 पासून आहे आणि परवानाधारकाने खुंट व काडी कोणत्या जातीची याचा हिशेब ठेवावा अशी त्यात अपेक्षा आहे. परंतु कोणत्याही कायद्याने आजवर ग्राहकाच्या अंगणात कोण कोणावर वाढले याचा हिशेब ठेवलेला नाही.

हमी मागण्याच्या या सवयीबद्दल त्याला एकट्याला दोष देणे अन्यायाचे होईल, कारण राज्य शासनही याच जातीचे ग्राहक आहे. 1990 मध्ये रोजगार हमी योजनेशी फळबाग लागवडीची सांगड घातली गेली तेव्हापासून महाराष्ट्रात कोरडवाहू माळांवर डाळिंब, सीताफळ, बोर यांच्या बागा उभ्या राहिल्या, आणि 2018 मध्ये सुरू झालेल्या भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेत अनुदान एकदम हाती पडत नाही. ते 50, 30 आणि 20 टक्के अशा तीन वर्षांच्या हप्त्यांनी मिळते आणि पुढचे हप्ते झाडे ठरावीक प्रमाणात जगली असतील तरच निघतात. म्हणजे कृषी खातेही बांधावर येऊन, वही उघडून, झाडे मोजून, वेगळ्या लिपीत तोच प्रश्न विचारते. फरक इतकाच की शासन वर एक तुळस मागत नाही.

या नमुन्याची एक श्रीमंत पोटजात गेल्या काही वर्षांत रस्त्याकडेच्या बंगल्यांबरोबर उदयास आली आहे. तिला झाड नको असते. तिला ‘गार्डन’ हवे असते. बागेची आखणी करून माती, दगड, पायवाट, गवत आणि झाडे यांची मांडणी करून देण्याच्या व्यवसायाला लँडस्केपिंग म्हणतात. सुप्यात त्याला ‘गार्डन मारून देणे’ म्हणतात, आणि ज्या सहजतेने येथे भिंतीला रंग मारतात त्याच सहजतेने ते मारून मिळावे अशी अपेक्षा असते. नमुना म्हणून या ग्राहकाच्या मोबाईलमध्ये पुण्यातल्या पाहुण्यांच्या सोसायटीचा फोटो असतो. त्यात हिरवळीवर एक मूल बसलेले असते. ‘सेम असं पायजे,’ असे तो सांगतो. मूल वगळून की धरून, हे विचारण्याची प्रथा नाही.

हिरवळीचा हिशेब मात्र निर्दयी असतो. एक गुंठा म्हणजे 1089 चौरस फूट, म्हणजे सुमारे 101 चौरस मीटर. उन्हाळ्यात गवतातून आणि मातीतून दिवसाला पाच मिलिमीटर पाणी उडते असे हात राखून धरले, तरी चौरस मीटरला पाच लिटर, म्हणजे गुंठ्याला रोज पाचशे लिटर आणि महिन्याला पंधरा हजार लिटर पाणी लागते. पाच हजार लिटरचे तीन टँकर केवळ पाय ठेवायला गार वाटावे म्हणून. हा हिशेब रोपवाटिकावाला सुरुवातीलाच सांगतो, कारण न सांगितल्याचे परिणाम त्याने भोगलेले असतात. ग्राहक तो हिशेब ऐकून म्हणतो की बोअर आहे. बोअर असतेच, प्रश्न फेब्रुवारीनंतर ते काय करते एवढाच असतो. मेक्सिकन गवताचे गालिचे अंथरले जातात, चार बॉटल पाम पोट पुढे काढून रांगेत उभे राहतात, वास्तुशांतीला फोटो निघतात, आणि मार्चच्या अखेरीस त्या गालिच्याचा रंग शेजारच्या पडीक रानाशी इतका तंतोतंत जुळतो की कुंपण कोठे आहे हे धनगराच्या मेंढ्यांना कळत नाही.

गंमत अशी की गवतासाठी एवढा खटाटोप ज्या गावाच्या शिवारात चालतो, त्याच गावाच्या शिवेला मयूरेश्वर अभयारण्य आहे. अवघ्या 5.14 चौरस किलोमीटरचे हे गवताळ रान 1997 मध्ये अभयारण्य म्हणून घोषित झाले. तेथले गवत कोणी अंथरलेले नाही. ते पहिल्या पावसाला उठते, दिवाळीत सोनेरी होते आणि उन्हाळ्यात वाळून निवांत पडून राहते. त्यात राहणारे चिंकारा हरीण पाल्यातल्या ओलाव्यावर दिवसच्या दिवस काढू शकते. बिनपाण्याच्या झाडाची मागणी घेऊन आलेल्या ग्राहकाला बिनपाण्याचे जनावर एवढ्या जवळ उभे असलेले दिसत नाही, आणि दिसले तरी ते सोसायटीच्या फोटोत नसते.

पैशांचा भाग थोडक्यात आटोपतो. रोप रोखीने जाते, गार्डन उधारीवर. जिरायती ग्राहक ‘दुधाचा पगार झाला की’ असे सांगतो, म्हणजे दूध संकलन केंद्राकडून दर दहा दिवसांनी मिळणारे पैसे, आणि कांदेवाला ‘वखार फोडली की’ असे सांगतो. दोघेही खरे बोलत असतात. खोटे बोलतो तो कांद्याचा भाव.

या सर्व काळात ग्राहकाची पत्नी काय करीत असते, इकडे अभ्यासकांचे सहसा लक्ष जात नाही. रोपवाटिकेत ती फारसे बोलत नाही. एखादा गावठी गुलाब हुंगून जागेवर ठेवते आणि ‘भाऊ, ह्याची फांदी लागती का वो?’ एवढेच विचारते. तिचे रोपशास्त्र जावेच्या माहेरातून, शेजारणीच्या परसातून आणि देवळाच्या आवारातून गोळा झालेल्या काड्यांवर चालते. तेलाच्या कापलेल्या डब्यात कोरफड, फुटक्या घमेल्यात सदाफुली, मोरीच्या सांडपाण्यावर अळू आणि कडीपत्ता, मागच्या दाराशी विटांच्या वाफ्यात गवती चहा : यांतल्या एकालाही विकत घेतलेले नाही, कोणाला युरिया मिळालेला नाही आणि सगळे लागलेले आहेत. भांडी विसळलेले पाणी रोज त्याच वेळी, तेवढेच आणि त्याच ठिकाणी पडते, एवढाच त्यामागचा तंत्रविचार. पुढच्या अंगणातले गार्डन पाहायला येणारे पाहुणे जाताना मागच्या दारची कडीपत्त्याची डहाळी मागून नेतात, आणि घरधनी ती त्यांना स्वतः तोडून देतो, जणू तीही त्यानेच लावली आहे.

आता प्रश्न उरतो रोपवाटिकावाल्याच्या उत्तराचा. ‘लागंल का?’ याला तो न चुकता ‘लागंल की’ असे म्हणतो. व्याकरणाच्या दृष्टीने हे उत्तर अभ्यासण्याजोगे आहे, कारण ‘लागंल’ या शब्दाने दिलेली शाश्वती ‘की’ या एका अक्षराने अलगद ऐकणाऱ्याच्या पदरात टाकलेली असते : लागेल, का लागू नये, लागायला काय झाले, तुम्ही नीट लावाल तर. एवढे सगळे त्या ‘की’मध्ये मावते. ग्राहकाला ते ठाऊक असते आणि आपल्याला ते ठाऊक आहे हे रोपवाटिकावाल्यालाही ठाऊक आहे, हेही त्याला ठाऊक असते. तरी त्या उत्तराशिवाय त्याची गाडी सुरू होत नाही. म्हणूनच पंचनाम्याच्या दिवशी जळके रोप घेऊन आलेला माणूस भांडून, हळहळून आणि चहा पिऊन निम्म्या किमतीत दुसरे रोप घेऊन जातो, आणि ते दुसऱ्या रोपवाटिकेतून घ्यावे असे त्याच्या मनात येत नाही, कारण तिथल्या माणसाचा ‘की’ त्याच्या ओळखीचा नसतो.

एप्रिलच्या एखाद्या सकाळी मात्र छपराखाली गिऱ्हाईक नसते आणि रोपवाटिकावाला मागच्या पडीक तुकड्यात उभा असतो. जुने बोअर उपसा धरत नाही, शेडनेटखालच्या रोपांना दिवसाआड टँकरचे पाणी चालले आहे, आणि नवे बोअर घ्यायचे तर जागा दाखवायला पाणाड्या, म्हणजे जमिनीखालचे पाणी सांगणारा माणूस, बोलावलेला आहे. पाणाड्या तळहातावर नारळ आडवा धरून अनवाणी चालतो आहे. त्याच्या मागे दोन पावलांचे अंतर राखून, टोपी हातात घेऊन रोपवाटिकावालाही चालतो आहे. बांधाच्या कोपऱ्याशी नारळ हलतो, किंवा हलल्यासारखा वाटतो. पाणाड्या थांबतो, टाचेने जमिनीवर फुली मारतो आणि आपली दक्षिणा सांगतो. ती जास्त आहे यावर थोडे बोलणे होते. मग रोपवाटिकावाला खिशात हात घालतो, नोटा मोजतो, त्या देण्याआधी क्षणभर अडतो आणि विचारतो, ‘लागंल का?’

पाणाड्या नारळ पिशवीत टाकतो.

‘लागंल की, मामा.’